बेत फिसकटला तर निरोप कोणाला?



मला दिलेला विषय ‘परिषदेचे नियोजन आणि समाजमाध्यमे’ असा भारदस्त आहे. या विषयावर व्याख्यान देण्याइतका मी जाणकार नाही. परंतु परिषद बिघडवण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे, आणि तो सांगितला तर कदाचित व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडेल, या भरवशावर मी उभा आहे. स्मरणिकेसाठी हे भाषण लिहून काढताना त्यात चार गोष्टींची भर घातली आहे. जे त्या दिवशी सभागृहात नव्हते, त्या वाचकांनीही आपणांस उद्देशूनच हे बोलणे आहे असे समजावे.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पावसाने काय प्रसंग आणला हे आपण सर्वांनी पाहिले. जायकवाडीतून पाणी सुटले, गोदाकाठची गावे वेढली गेली, उभे सोयाबीन कुजले. त्याच महिन्यातल्या एका रविवारी आमची पालक परिषद ठरली होती. मी स्वागत समितीचा चिटणीस होतो. परभणीत मैदानावर मंडप घातला होता. पाहुणे ठरले होते, गुणवंत मुलांना शिष्यवृत्तीचे धनादेश द्यायचे होते. शनिवारी संध्याकाळी मंडपवाला आला आणि म्हणाला, “सर, खांब जमिनीत धरत नाहीत.” रात्री आठ वाजता आम्ही बसून निर्णय घेतला की कार्यक्रम मैदानाऐवजी शाळेच्या सभागृहात घ्यायचा. निर्णय चांगला होता. आजही मी त्याला नावे ठेवणार नाही.

त्यानंतर आम्ही फोन केले. पाहुण्यांना केला, आचाऱ्याला केला, माईकवाल्याला केला, फलक रंगवणाऱ्याला केला. वार्ताहर मंडळींना केला. व्हॉट्सॲपच्या समितीच्या गटात एकमेकांचे अभिनंदन केले. रात्री अकराला सर्वजण समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी जिंतूर तालुक्यातील एका खेड्यातून एक आई आपल्या मुलीला घेऊन पहिल्या एस.टी.ने निघाली. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, तिचे नाव शिष्यवृत्तीच्या यादीत. दोघी मैदानावर पोचल्या तेव्हा तिथे चिखल, अर्धवट सोडलेले चार खांब आणि लोंबणारी ताडपत्री होती. विचारायला माणूस नव्हता. चहाच्या टपरीच्या आडोशाला त्या दीड-दोन तास उभ्या राहिल्या. टपरीवाल्याच्या फोनमध्ये आमच्या संस्थेचे फेसबुकचे पान उघडून पाहिले, तर तिथे त्याच सकाळी नऊ वाजता टाकलेला मजकूर होता: ‘आज भेटू या मैदानावर!’ खाली फुलांची चित्रे. हा मजकूर आमच्याच एका उत्साही माजी विद्यार्थ्याने चार दिवस आधी भरून ठेवला होता, आणि यंत्राने तो ठरल्या वेळी इमानेइतबारे टाकला. यंत्राला पाऊस दिसत नाही.

दुपारच्या एस.टी.ने त्या परत गेल्या. सभागृहात नाव पुकारले गेले, कोणी उठले नाही, आम्ही पुढचे नाव घेतले.

दोन दिवसांनी मी शेजारच्यांच्या फोनवर त्या बाईंना गाठले. मला वाटले, रागावतील. त्या एवढेच म्हणाल्या, “सर, हमको लगा बेटी का नाम कट गया.”

पालकहो, हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही. बेत बदलला याचा त्यांना त्रास झाला, पण त्यांनी काढलेला अर्थ त्याहून वाईट होता. आम्ही निरोप दिला नाही, तेव्हा त्यांनी समजून घेतले की आपल्याला वगळले. ज्याला आयुष्यात वगळले जाण्याची सवय आहे, तो प्रत्येक मौनाचा हाच अर्थ लावतो. आणि ती यादी, प्रत्येक नावापुढे फोन नंबर असलेली, त्या रात्री माझ्या टेबलावरच होती. व्यासपीठावर बसणाऱ्या सर्वांना आम्ही कळवले. व्यासपीठासमोर बसणाऱ्यांना कळवायचे राहिले.

आता कोणी म्हणेल की परिषदा, संमेलने म्हटली की असे व्हायचेच. खरे आहे, आणि हे आजचेही नाही. भारतीय राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन पुण्यात व्हायचे होते. १८८५च्या मार्चमध्येच तसे परिपत्रक निघाले होते. पुणे सार्वजनिक सभेने पर्वतीजवळ पेशव्यांच्या बागेत सर्व तयारी केली. आणि डिसेंबरात, प्रतिनिधी घरून निघण्याच्या सुमारास, पुण्यात पटकीचे रुग्ण आढळले. आयोजकांनी हट्ट धरला नाही. अधिवेशन मुंबईला हलवले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनने धावपळ केली, गोवालिया टँकजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयाच्या चालकांनी जागा दिली आणि २८ डिसेंबरला ७२ प्रतिनिधींची सभा भरली. त्यांत रहिमतुल्ला सयानी होते. पुढे १८९६च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या असोसिएशनने ही धावपळ केली तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी तेही एक. त्या काळात हाताशी होते टपाल आणि तार. आज प्रत्येकाच्या खिशात तारघर आहे, तरीही आमची मुलगी टपरीखाली उभी राहिली.

आपल्या परभणीने १९९५ साली ६८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद केले. अध्यक्ष कविवर्य नारायण सुर्वे होते. तेव्हा मांडवात ज्यांनी खुर्च्या लावल्या त्यांपैकी कोणी आज या सभागृहात आजोबा म्हणून बसले असतील. त्यांना विचारा, मोठ्या मेळाव्यात बेताप्रमाणे काय काय होते आणि बेताबाहेर काय काय. साहित्य संमेलनांचाच गेल्या काही वर्षांचा इतिहास घेतला तरी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २००९ साली महाबळेश्वरला निवडून आलेल्या अध्यक्षांनाच, डॉ. आनंद यादव यांना, त्यांच्या तुकारामांवरील कादंबरीच्या वादामुळे पद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले.

२०१९च्या जानेवारीत यवतमाळला तर उद्घाटनाचाच प्रश्न उभा राहिला. ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण परत घेण्यात आले. दिलेले आवतण मागे घेणे ही गोष्ट मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. आपल्या घरी लग्नाचे आमंत्रण देऊन कोणी ‘येऊ नका’ म्हणून सांगतो का? परिणाम काय झाला? जे भाषण मांडवात काही हजार लोकांनी ऐकले असते, ते वर्तमानपत्रांतून आणि फोनवरून त्याहून कितीतरी अधिक लोकांनी वाचले. कित्येक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. अशा वेळी उद्घाटन कोणी केले? वैशाली येडे यांनी. शेतकरी आत्महत्येत पती गमावलेल्या, यवतमाळ जिल्ह्यातल्याच एक बाई. ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. मोठे नाव गेले म्हणून तितकेच मोठे दुसरे नाव शोधत न बसता, ज्या मातीत संमेलन भरत होते तिथल्याच एका बाईंना मान दिला गेला. आधीची चूक यामुळे धुतली जाते असे मी म्हणत नाही. परंतु पाहुणा आला नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी मांडवातच पहिल्या रांगेच्या मागे बसलेले असते, एवढे त्यातून दिसते.

नाशिकचे उदाहरण मात्र नियोजनाच्या दृष्टीने मला सर्वांत बोधप्रद वाटते. ९४ वे संमेलन २६ ते २८ मार्च २०२१ला व्हायचे होते. करोनामुळे ते पुढे ढकलले गेले आणि अखेर ३ ते ५ डिसेंबर २०२१ला भरले. जागा बदलली: शहरातील महाविद्यालयाच्या आवाराऐवजी शहराबाहेर आडगावला भुजबळ नॉलेज सिटीत. ऐन तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला. ओमिक्रॉनची धास्ती होतीच. आणि संमेलनाध्यक्ष, थोर शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, प्रकृतीच्या कारणास्तव उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांचे म्हणणे चित्रफितीच्या रूपाने श्रोत्यांपर्यंत पोचले. तारीख गेली, जागा गेली, आभाळ फिरले, अध्यक्ष नाहीत, तरीही संमेलन झाले. अध्यक्ष नसल्याबद्दल नाराजी व्यक्त झाली, ती होणारच. माझे मत असे की येणार नसलेल्या माणसाची बातमी आधी दिली तर श्रोता समजून घेतो. लोक खुर्च्यांवर बसल्यावर माईकवरून सांगितली तर ती फसवणूक वाटते. कित्येक संस्था मोठ्या पाहुण्याचे छायाचित्र शेवटच्या क्षणापर्यंत फलकावर ठेवतात, कारण गर्दी कमी होईल ही भीती. पुढच्या वर्षी जी गर्दी कमी होते तिचा हिशेब त्या धरत नाहीत.

परंतु इतके दूर कशाला जायचे? बेत बदलण्याचे आणि बदल कळवण्याचे शिक्षण आपल्या समाजाला दर वर्षी मिळते. रमजानच्या २९ तारखेच्या संध्याकाळी आपण काय करतो? ईद उद्या की परवा, हे कोणालाच ठाऊक नसते. शिरखुर्म्याचे दूध सांगून ठेवलेले असते, शिंप्याकडे कपडे असतात, पुण्या-मुंबईहून येणारा मुलगा गाडीत असतो. तरी गोंधळ होत नाही. कारण घोषणा कोणी करायची हे ठरलेले असते. चांद कमिटीचा निरोप मशिदीतून येईपर्यंत शहाणा माणूस ‘झाला चांद’ म्हणून ओरडत नाही, आणि चांद दिसला नाही तर तसेही स्पष्ट सांगितले जाते: तीस पुरे करा. ‘अजून ठरलेले नाही, अमुक वेळेपर्यंत कळवू’ हाही एक पूर्ण निरोप असतो. ही गोष्ट आपल्या आजीला कळते. आमच्या स्वागत समितीला कळली नाही.

आणखी अलीकडचे पाहा. २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. एकाच दिवशी, त्याच रस्त्यांवर, विसर्जनाची मिरवणूक आणि मिलादचा जुलूस. मुंबईतील खिलाफत कमिटीने आणि समाजातील जाणत्यांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले. शासनाने ईद-ए-मिलादची सुटी २९ सप्टेंबरला दिली. पुढे २०२४ साली मुंबईत ती सुटी १६ऐवजी १८ सप्टेंबरला आणि २०२५ साली मुंबई शहर व उपनगरात ५ऐवजी ८ सप्टेंबरला दिली गेली. इतका मोठा जनसमुदाय, शेकडो मंडळे, सजवलेल्या गाड्या, सबिली, आणि तरी तारीख बदलली. हे शक्य झाले, कारण निर्णय दिवस उगवण्याच्या आदल्या रात्री घेतला नव्हता, तो एका तोंडाने सांगितला गेला, आणि कारण सांगितले गेले. कारण सांगितले की लोक सोसतात. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ हे शब्द आपण छापतो ना, ते माझ्या मते लेखणीतून हद्दपार करावेत. खांब धरत नाहीत, असे लिहावे. कोणालाही कळते.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे वळतो. कारण संस्थेचे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तुम्हीच सांभाळता, आणि आम्ही म्हातारे तुमच्या खांद्यावरून डोकावतो.

पहिली गोष्ट शब्दांची. ‘पुढे ढकलले’, ‘रद्द झाले’ आणि ‘जागा बदलली’ हे तीन वेगळे निरोप आहेत, आणि ऐकणारा प्रत्येकावर वेगळे काही करतो. एक जण रजा पुन्हा मागतो, दुसरा घरी राहतो, तिसरा रिक्षा वळवतो. दहावीचा भूगोलाचा २३ मार्च २०२०चा पेपर आठवा. तो आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. मधल्या दिवसांत घरोघर मुले भूगोल उघडून बसली होती, आणि ते बरोबरच होते. ‘परिषद होणार नाही’ असे तीन शब्द टाकून मोकळे होणाऱ्याला हे कळत नाही की पुढच्या रविवारी होणार असली तरी लोक येणार नाहीत.

दुसरी गोष्ट चित्राची. आपण बातमी रंगीत चित्रात घालतो आणि ते चित्र हातोहात जाते. व्हॉट्सॲपवर लिहिलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, ही सोय २०२३मध्ये आली. परंतु जी प्रत दुसऱ्याने पुढे पाठवली ती पाठवली, आणि चित्रातली तारीख तर खोडताच येत नाही. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात ते कोणत्या दिवशी काढले ते लिहा. बदल झाला की नवे चित्र वेगळ्या रंगात काढा आणि त्यावर ठळक लिहा: ‘आधीचे निळे पत्रक आता धरू नये.’ जुना मजकूर नुसता पुसून टाकू नका. पुसला की लोक म्हणतात, काहीतरी लपवताहेत. आणि आधी भरून ठेवलेले सर्व मजकूर सर्वांत आधी थांबवा, अभिनंदनाचे, स्वागताचे, फुलांचे. मी हे का सांगतो आहे ते आपण जाणता.

तिसरी गोष्ट तोंडाची. संकटात बोलणारे तोंड एकच असावे. गटात त्या दिवसापुरते फक्त चालकांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था करता येते, ती करावी. नाहीतर एक म्हणतो ‘मैदान’, दुसरा ‘शाळा’, तिसरा ‘मी ऐकले की कॅन्सल’, आणि चौथा तेच पन्नास ठिकाणी पाठवतो. खोट्या निरोपाने काय होते हे आपल्या महाराष्ट्राने १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाहिले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. परिषदेची अफवा एवढी भयंकर नसते हे मान्य. पण सवय तीच असते, न विचारता पुढे ढकलण्याची. डिसेंबर २०२४मध्ये परभणीत जमावबंदी लागली तेव्हा ज्या घरांत अशी सवय नव्हती ती घरे किती शांत राहिली, हे मी शेजारीपाजारी पाहिले आहे.

आणि शेवटी, ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही त्यांचे काय? आपल्या पालकांत मराठी वाचणारे आहेत, उर्दू वाचणारे आहेत, आणि दोन्ही न वाचणाऱ्या आया आहेत. त्यांच्यासाठी बोलून पाठवलेला निरोप, तोही दखनीत, अर्ध्या मिनिटाचा, छापील पत्रकापेक्षा शंभर पटींनी कामाचा. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांना तोंडी फोनच करावा लागतो. त्याला दुसरा उपाय नाही. वीस जणांनी दहा-दहा फोन केले तर दोनशे घरे होतात. जुन्या जागेवर एक माणूस छत्री घेऊन उभा करावा, पहिल्या एस.टी.पासून शेवटचा माणूस येईपर्यंत. त्याला भाषणे ऐकायला मिळणार नाहीत. त्याचे आभार मात्र आधी मानावेत, पाहुण्यांच्याही आधी. आणि ‘इन्शाअल्ला सगळे ठीक होईल’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला मी हल्ली विचारतो, “होईल भाऊ, जनरेटर सांगितलास का?”

पालकांनाही एक मागणे आहे. जाहीर झालेला निरोप पटला नाही तर गटात तर्क लढवण्याऐवजी पत्रकावरच्या नंबरावर फोन करा. नंबर लागत नसेल तर आम्हाला रागवा. तो तुमचा हक्क आहे. आणि आपल्या गल्लीत, आपल्या खेड्यात असे कोणते घर आहे की जिथे फोन पोचत नाही, ते आम्हाला सांगा. ही माहिती कोणत्याही यंत्रात नसते, ती फक्त शेजाऱ्याला असते.

त्या परिषदेनंतर आठ दिवसांनी आम्ही तिघे त्या खेड्यात गेलो. रस्त्यावरचा एक पूल वाहून गेला होता, म्हणून शेवटचा टप्पा पायी. धनादेश मुलीच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि नाव वाचले. मग विचारले, “सर, सभागृहात माझे नाव घेतले होते का?” मी म्हणालो, घेतले होते. ती आईकडे वळून म्हणाली, “देखो अम्मी.” आईंनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

या वर्षीच्या परिषदेच्या नोंदवहीत मी एक रकाना वाढवला आहे: ‘निरोप कोणामार्फत’. त्या मुलीच्या नावापुढे घराजवळच्या किराणा दुकानाचा नंबर आहे, आणि त्याखाली तिनेच सांगितलेली सूचना लिहिली आहे: दुकान जुम्म्याला दुपारी बंद असते, तीननंतर फोन करावा.